ऑलिव्हची बरणी आणि उन्हात तडकलेला पाट

जानेवारीत नणंदेची मुलगी इटलीहून जळगावला आली, तेव्हा तिच्या बॅगेतून कपड्यांआधी ऑलिव्हचं लाकूड निघालं. एक जाडजूड चॉपिंग बोर्ड, लांब दांड्याचे दोन चमचे आणि ओंजळीत मावेल एवढा खलबत्ता. पाठोपाठ टॉवेलात गुंडाळलेली हिरव्या ऑलिव्हची दोन पाकिटं, एकेक किलोची, आत मिठाचं पाणी. आणि अर्ध्या लिटरचा ऑलिव्ह तेलाचा डबा. लाकडावरच्या चॉकलेटी रेषा अशा वळलेल्या होत्या, जशा पूर ओसरल्यावर तापीकाठच्या गाळावर उमटतात. मी सगळ्यात आधी त्यावरून हात फिरवला. गुळगुळीत, आणि दिसतं त्याहून कितीतरी जड.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. त्यांनी पाकिटातलं एक ऑलिव्ह उचललं, निरखलं. "हाई काय शे व माय? बोर शे का?"

"खाऊन बघा ना आजी," भाची म्हणाली.

आत्याबाईंनी खाल्लं. "मीठच मीठ! नि मांगून कडू." बी मात्र त्यांनी फेकली नाही, तोंडात घोळवत बसल्या. त्याचा अर्थ मला माहीत आहे. पहिल्यांदा आवडलेलं त्या कधीच कबूल करत नाहीत.

भाची शिकते त्या शहराचं नाव बारी. हे शहराचं नाव आहे हे आत्याबाईंना अजून पटत नाही, त्यांच्या लेखी बारी म्हणजे पानमळेवाले. पुल्या नावाच्या प्रांतातलं हे शहर, आणि त्या प्रांतात चेरिन्योला गावाच्या आसपास पिकणारी ही मोठाली हिरवी ऑलिव्हं. झाडावरून तोडलेलं ऑलिव्ह खाता येत नाही हे तिच्याकडूनच कळलं. तिने ऑक्टोबरात एक चावून बघितलं होतं, म्हणे तासभर जिभेवरचा कडूपणा गेला नाही. त्यात ओल्युरोपिन नावाचं एक कडू द्रव्य असतं. ते काढायला एक तर कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात काही तास ठेवून नंतर धुऊन धुऊन मिठाच्या पाण्यात टाकतात, किंवा सरळ मिठाच्या पाण्यात महिनोन्‌महिने आंबवतात. आपण कैऱ्या खारवतो तेच, फक्त धीर जास्त. पिझ्झ्यावर येणाऱ्या काळ्याकुट्ट चकत्या पुष्कळदा पिकून काळ्या झालेल्या नसतात, हेही तेव्हाच कळलं. हिरवी फळंच सोड्याच्या पाण्यात घालून त्यातून हवा खेळवतात, म्हणजे ती काळी पडतात, आणि तो रंग टिकावा म्हणून लोहाचा क्षार घालतात. फेरस ग्लुकोनेट. मॉलमधल्या डब्याच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, मी जाऊन वाचून आले.

दहा दिवस राहून भाची परत गेली. जाताना सांगून गेली की ऑलिव्हं पाण्यातून काढून तेलात मसाला घालून मुरव, आणि लाकूड भिजत ठेवू नको. दोनच वाक्यं. बाकी मला कशाला कोणी शिकवायला पाहिजे? पंचवीस वर्षं लोणची घालतेय.

तिथेच चुकलं.

अर्धा किलो ऑलिव्हं मी धुतली. फार खारट होती म्हणून रात्रभर साध्या पाण्यात ठेवली, दोनदा पाणी बदललं. सकाळी सुती कपड्यावर पसरून कोरडी केली. मग कढई चढवली. भाचीचा निम्मा डबा ओतला, मोहरी तडतडवली, लसणाच्या वीस-पंचवीस पाकळ्या ठेचून टाकल्या, हिंग, नंदुरबारची लाल मिरची, थोडी शोप, म्हणजे बडीशेप. लिंबाच्या साली. ऑलिव्ह तेल फोडणीत इतकं तापवायचं नसतं, त्याचा फळासारखा, किंचित गवतासारखा वास उडून जातो, हे मला माहीत नव्हतं. लसूण एका बाजूने करपला. तरी घरभर सुटलेला वास चांगलाच होता, खोटं का बोलू. सगळं निवल्यावर चिनी मातीच्या बरणीत भरलं, फळांवर बोटभर तेल येईल असं बघितलं, दादरा बांधला आणि बरणी माजघरात, जिथे वर्षानुवर्षं आंब्याचं लोणचं बसतं तिथे ठेवून दिली. आत्याबाईंनी बरणीत डोकावून मान डोलावली. तेल वर आलंय म्हणजे आता काही बिघडत नाही, हा आमच्या दोघींचा समज.

सहाव्या दिवशी दादरा सोडला तर तेलातून बारीक बुडबुडे वर येत होते. तेल गढूळ. वास वाईट नव्हता, आंबूस होता. मी चाखायला चमचा घेतला, आणि काय मनात आलं, आधी भाचीला फोन लावला.

"मामी, चाखू नको. फेकून दे."

"अगं, पण तेल वर आहे!"

"म्हणूनच फेक."

तिने मला जे समजावलं ते ऐकून मी खरोखर खुर्चीत बसले. लसूण जमिनीत वाढतो. मातीत क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जंतूची बीजं असतात, ती लसणासोबत येतात. हवेत ती गप्प पडून राहतात, पण हवा बंद केली, वर आंबटपणा कमी, मीठ कमी आणि खोलीची ऊब मिळाली की वाढून विष तयार करतात. त्या विषाला रंग, वास काही असेलच असं नाही. माझ्या बरणीतले बुडबुडे कदाचित साध्या आंबण्याचे असतील, पण ते ठरवायला जिभेचा उपयोग नाही.

मग लोणचं कसं टिकतं? मी रात्री हाच विचार करत होते. लोणच्यात तेलाच्या आधी मीठ असतं, मूठभर नव्हे, किलोच्या हिशेबात. कैरी मुळातच आंबट. फोडींना मीठ लावून सुटलेलं पाणी काढून टाकतो, मसाला वाळवून भाजून घेतो. हवा बंद करणं हे तेलाचं काम शेवटचं, खरी राखण मीठ नि आंबटपणा करतात. आणि ऑलिव्हला ज्या मिठाच्या पाण्याने महिनोन्‌महिने सांभाळलं होतं, तेच मी रात्रभर धुऊन काढलं होतं.

अर्धा किलो ऑलिव्हं आणि पाव लिटर तेल गेलं. आत्याबाई फळांबद्दल काही बोलल्या नाहीत, तेलाबद्दल मात्र दोन दिवस बोलत होत्या. दारची गाय आली तर तिला घालू का, असंही विचारून झालं. नाही घातलं. पिशवीत बांधून कचऱ्याच्या गाडीत टाकलं, बरणी उकळत्या पाण्याने आणि सोड्याने दोनदा धुतली.

दुसऱ्या खेपेला मी बेत लहान केला. वाटीभर ऑलिव्हं, बाकीची त्यांच्याच मिठाच्या पाण्यात फ्रिजमध्ये. वाटीभर फळांना दोन तास पाणी पुरतं, रात्रभर भिजवायची गरज नाही. मग पुसून, प्रत्येकाला बत्त्याने हलकासा ठोसा, बी फुटू न देता फक्त साल उकलेल इतपत. त्याशिवाय मसाला आत जात नाही, वरच सरकत राहतो. तेल अगदी मंद आचेवर, बोट बुडवलं तर सहन होईल न होईल इतकंच गरम, आणि गॅस बंद करून मगच त्यात लसणाच्या दोन पाकळ्या, लिंबाची वरची पिवळी साल (पांढरा भाग आला तर कडवट होतं), अर्धवट कुटलेली शोप आणि धणे, एक सुकी मिरची मोडून. भाचीने दिलेला ओरेगानो चिमूटभर. तो नसेल तर चार दाणे ओवा चालतो. थाइम नावाच्या पाल्याला आणि ओव्याला वास देणारं द्रव्य एकच, थायमॉल. पण ओवा जपून, नाहीतर सगळ्याला पोटदुखीच्या औषधाचा वास येतो.

काचेची बरणी, थेट फ्रिज, आणि चार दिवसांत संपवायचं. दुसऱ्या दिवशी आत्याबाईंनी बरणी बघितली नि हाक मारली, "तेलनं तूप व्हयी गयं!" ऑलिव्ह तेल फ्रिजमध्ये बहुतेक वेळा गोठतं. अर्धा तास बाहेर ठेवलं की पुन्हा पातळ होतं, चवही तेव्हाच खुलते. आम्ही ते कळण्याच्या भाकरीशी खाल्लं. कळण्यातल्या उडदाला ते चांगलं लागलं. भरतात घालून बघायचा मोह एकदाच झाला. हिरव्या वांग्याचं, शेंगदाणा तेलातलं, कांद्याच्या पातीचं आमचं भरीत, त्यात ऑलिव्ह म्हणजे लग्नात दोन बँड. पुन्हा घातलं नाही. आणि हो, पाहुण्यांना बी आहे हे आधी सांगा. आमच्या शेजारच्या काकांनी काजू समजून कडकन चावलं होतं.

खाण्याची गोष्ट इथे संपली, लाकडाची महिनाभराने सुरू झाली.

आमच्याकडे चिरणं विळीवर. त्यामुळे तो बोर्ड, घरात आम्ही त्याला पाटच म्हणायला लागलो होतो, पहिला महिना नुसता मिरवला. फेब्रुवारीत ओली हळद आली. लोणच्यासाठी तिच्या चकत्या करायला विळीपेक्षा पाट बरा वाटला. काम झालं नि बघते तो पाटावर तळहाताएवढा पिवळाधमक डाग. साबण लावला, तर पिवळ्याचा लाल झाला. हळदीचं हे आपल्याला पातळावरून माहीत असतं, साबण लागला की कुंकू होतं. पातळाचा उपायही माहीत होता, ऊन. हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही.

मार्चअखेरीस गच्चीवर बिबड्या वाळत होत्या. त्यांच्या शेजारी मी पाट ठेवला, ओला, अकरा वाजता. दोन दिवस. डाग खरंच गेला, नाव नाही राहिलं. दुसऱ्या संध्याकाळी पाट उचलला तर एका टोकाकडून आत बोटभर लांब तडा. नख सहज जात होतं.

आत्याबाईंनी कपाळाला हात लावला. "ऊनमा काबर ठेवं व माय?" आणि उठून आतून आपली काटवट घेऊन आल्या. लग्नात माहेरून आलेली. तिच्या काठाला तडा आहे नि त्यावर पत्र्याची पट्टी, चार खिळे. त्यांच्या सासूनेही ती एकदा उन्हात ठेवली होती, असं मला पहिल्यांदाच कळलं. एवढी वर्षं मी त्याच काटवटीत भाकरीचं पीठ मळतेय, कधी विचारलंच नव्हतं.

पाट घेऊन मी जुन्या गावातल्या सुतारकाकांकडे गेले. त्यांनी तो आधी हातावर तोलला, मग वास घेतला, मग नख मारून बघितलं. "सागापेक्षा जड आहे. कुठलं?" मी सांगितलं. ऑलिव्हचं झाड फार हळू वाढतं, म्हणून लाकूड घट्ट, दाणा बारीक. फळं देणारं झाड कोणी लाकडासाठी पाडत नाही, छाटणीच्या फांद्या आणि थकलेली झाडं यातूनच ही भांडी होतात. त्यात पुल्याच्या दक्षिण भागात 2013 मध्ये झायलेला नावाच्या जंतूचा रोग सापडला आणि पुढे लाखो झाडं वाळली. हे काकांना सांगताना मला माझा भाऊ आठवत होता, रावेरकडे. सीएमव्ही नावाच्या विषाणूच्या रोगापायी त्याने केळीची उभी रोपं उपटून बांधावर फेकली होती. काका म्हणाले, "मग जपा याला," आणि तडा का गेला ते बोटाने दाखवलं. लाकडाच्या टोकाला रेषा उघड्या असतात, तिथून पाणी झटकन उडतं. मधला भाग अजून ओला, फुगलेला, नि टोक आकसलं, की ते फाटतं. आडव्या अंगाने लाकूड जास्त आकसतं, म्हणून तडा नेहमी रेषेच्या बाजूने. समुद्राकाठच्या हवेतून आलेलं लाकूड आमच्या उन्हाळ्यातल्या तापलेल्या, कोरड्या हवेत. त्यावर मी ते ओलं उन्हात टाकलेलं.

फेव्हिकॉल-भुसा भरून द्या म्हटलं, तर त्यांनी नकार दिला. "रोज पाणी लागणार. निघेल, पोटात जाईल. मेण भरा." पॉलिश पेपरचे दोन तुकडे दिले, 220 आणि 320 नंबरचे. आधी ओल्या फडक्याने पाट पुसायचा, सावलीत वाळू द्यायचा, म्हणजे दबलेले तंतू उभे राहतात. मग रेषेच्या दिशेनेच घासायचं, आडवं कधीच नाही. पैसे घेतले नाहीत.

आता तेल कुठलं लावायचं? आत्याबाईंचं उत्तर तयार होतं. बडगीला, म्हणजे भरताची वांगी ठेचायच्या त्या लाकडी भांड्याला (कोणी बडजी म्हणतं), त्या शेंगदाणा तेलच चोळत आल्या आहेत. मीही चोळलं. तीन आठवड्यांत पाट चिकट झाला आणि जुन्या चकलीसारखा खवट वास मारायला लागला. बडगी रोज वापरात, रोज कढत पाण्याने धुतली जाते, तिच्यावर तेल शिळं व्हायला थांबतच नाही. पाट कपाटात बसून होता. शेंगदाण्याचं, ऑलिव्हचं तेल लाकडात सुकत नाही, हवा लागून खवट होतं. जवसाचं तेल सुकून कडक होतं, हे खरं. पण रंगाच्या दुकानात मिळतं ते डबल बॉईल तेल दरवाज्या-खिडक्यांसाठी, त्यात लवकर सुकावं म्हणून धातूंचे क्षार घातलेले असतात. खाण्याच्या भांड्याला ते नको, असं सुतारकाकांनीच बजावलं होतं. शिवाय जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकली तर आपोआप पेट घेऊ शकतात. जळगावच्या मे महिन्यात हा प्रयोग कोणी करू नये.

शेवटी मेडिकलमधून लिक्विड पॅराफिन आणलं. वास नाही, चव नाही, खवट होत नाही. फक्त बाटलीवर आयपी लिहिलेलं आहे ना ते बघून घ्या, म्हणजे औषधी प्रतीचं. काउंटरवरच्या मुलाने आवाज न खाली करता विचारलं, "काकू, पोट साफ होत नाही का?" मागे रांगेत आमच्या कॉलनीतल्या तिघी. पाटाला लावायचंय म्हटल्यावर तिघींपैकी एकीचाही विश्वास बसला नाही.

मेण सातपुड्याकडून मध विकायला येणाऱ्या बाईकडून मिळालं, पोळं पिळून उरलेलं. पाण्यात उकळून, कपड्यातून गाळून, निवल्यावर वर जमलेली पिवळी चकती उचलून घेतली. एक भाग मेण, चार भाग पॅराफिन, पातेल्यातल्या गरम पाण्यात वाटी ठेवून वितळवलं. थेट आचेवर ठेवू नका, मेण पेटतं. एकाला चारचं प्रमाण थंड हवेत मलमासारखं घट्ट राहतं, पण आमच्या स्वयंपाकघरात ते पातळच राहिलं, म्हणून एकाला तीन केलं. पाट आधी पूर्ण कोरडा. आधी नुसतं पॅराफिन, तीन रात्री लागोपाठ, टोकांना जास्त, कारण तिथेच लाकूड सर्वांत तहानलेलं. रात्री लावायचं, सकाळी पुसून टाकायचं. चौथ्या दिवशी मलम, आणि तड्यात मेण बोटाने दाबून.

चमच्यांना एवढं करावं लागलं नाही. ते रोज भाजीत फिरतात. धुऊन लगेच पुसून उभे ठेवते, सिंकमध्ये रात्रभर पडू देत नाही. कामाला येणाऱ्या ताईंना हे पटवायला मात्र पाटाच्या दुरुस्तीपेक्षा जास्त दिवस लागले. खलबत्त्याची चूक माझी. त्यात लसूण-मिरचीचा ठेचा केला, नि पाडव्याला त्यातच श्रीखंडासाठी वेलदोडे कुटले. श्रीखंड कोणी पुन्हा मागितलं नाही. जाडं मीठ आणि अर्धं लिंबू घासून वास बराच गेला, संपूर्ण नाही. आता तो खलबत्ता ठेच्याचाच.

महिन्यातून एकदा पाटावर पाण्याचे चार थेंब टाकून बघते. थेंब मोत्यासारखे उभे राहिले तर काही करायचं नाही. पसरून डाग पडला तर पॅराफिन. मे महिन्यात हे दर आठ दिवसांनी करावं लागलं. कूलरच्या झोतासमोर पाट ठेवायचा नाही, फ्रिजवर नाही, गॅसजवळ तर नाहीच. आता तो काटवटीच्या मागे कडेवर उभा असतो, दोन्ही बाजूंनी हवा लागेल असा. आडवा ठेवला तर खालची बाजू ओली नि वरची कोरडी राहून तो वाकतो.

जूनच्या मध्यावर पहिला चांगला पाऊस झाला. दोन दिवसांनी मागच्या खोलीचं दार नेहमीप्रमाणे चौकटीत अडकायला लागलं, आत्याबाईंनी खांदा लावून ते उघडलं. मी पाट काढून उजेडात धरला. तड्यातून मेणाची बारीक दोरी वर ढकलली गेली होती, ती नखाने काढली. आत नख घालून बघितलं, जात नव्हतं. आत्याबाईंनी पाट हातात घेतला, तड्यावरून अंगठा फिरवला, मग उठून काटवटीच्या पट्टीवरूनही फिरवला, आणि म्हणाल्या की दिवाळीत पोरगी येईल तेव्हा तिला ती बोरं आणायला सांग, पाण्यातली.